दोन फूट जास्तीचे पत्रे

केवलरामकाकांच्या छपरावर चौदा पत्रे होते आणि त्या पत्र्यांवर चौदा लोखंडी चकत्या. एकेक चकती बारा किलोची. त्यांतली एक खाली उतरवून मी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली होती, म्हणून हा आकडा खात्रीने सांगते. चकत्यांच्या मधे मधे विटा, एक फुटकं जातं, आणि पश्चिमेच्या कोपऱ्यावर सायकलचं जुनं टायर. टायर कशासाठी, असं मी काकांना विचारलं.

"राहू द्या न बाई. ते काय खाऊन राहिलं का?"

पहिल्याच भेटीत हे उत्तर मिळाल्यावर मी सावध व्हायला हवं होतं.

१९८६ सालचा तो एप्रिल. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मला निवारा सल्ला मंडळ नावाच्या एका छोट्या संस्थेत जागा मिळाली होती. मंडळाचं ऑफिस स्टील प्लांटच्या टाउनशिपशेजारी, सुपेल्यात, टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानाच्या वर, त्यामुळे आमच्या सगळ्या फायलींना जळक्या रबराचा वास यायचा. काम सोपं वाटेल असं होतं. प्लांटमधला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि मग त्याला क्वार्टर सोडावं लागतं. पंचवीस-तीस वर्षं सिमेंटच्या स्लॅबखाली झोपलेली ही माणसं शेवटच्या वर्षात घाईघाईने टाउनशिपबाहेर प्लॉट घेतात, चार भिंती उभ्या करतात, वर पत्रे टाकतात. आम्ही जाऊन ते घर पाहायचं, वादळात त्याचं काय होईल ते मालकाला सांगायचं, आणि पत्रे बांधायचे हुक, वायसर, लोखंडी पट्ट्या द्यायच्या. फुकट द्यायच्या. तरी कुणी घेत नव्हतं.

"तू फार बोलतेस, शैला," मंडळाच्या वसुंधराताई म्हणायच्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. "तीन वाक्यांत सांग. चौथ्या वाक्याला माणूस उठून जातो."

माझ्या दुसऱ्याच वाक्यात वाऱ्याच्या वेगाचा वर्ग यायचा.

काकांचं घर चरोद्याला, रेल्वे कॉलनीच्या मागे. दोन खोल्या आणि ओसरी एका रांगेत, छपराला एकच उतार, तोही पश्चिमेकडे. विटांच्या भिंती, त्यावर साल लाकडाच्या बल्ल्या म्हणजे गोल वासे, बल्ल्यांवर नवेकोरे पन्हळी पत्रे. एकाही पत्र्याला एकही छिद्र नाही. म्हणजे हुक नाही, तार नाही, खिळा नाही. सगळं छप्पर नुसतं ठेवलेलं होतं, ताटावर झाकण ठेवावं तसं.

काका स्वतः निवृत्तीपर्यंत, म्हणजे तीस जूनपर्यंत, टाउनशिपच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्येच राहणार होते. पण रिकाम्या घराची दारं रातोरात नाहीशी होतात, म्हणून त्यांची बायको गयाबाई होळीपासून इथे राहायला आली होती. त्या छपराखाली ती एकटी झोपत होती.

"काका," मी म्हणाले, "वैशाखात इथे वावधान सुटलं की वारा किती जोरात वाहतो ते तुम्हाला माहीत आहे. ताशी शंभर किलोमीटरचा वारा धरला, तर तुमच्या एका पत्र्याला तो सुमारे एकशे पस्तीस किलोच्या जोराने वर उचलेल. चकती बारा किलोची. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा धरा. शंभराहून जास्त किलो कमी पडतात."

काका ऐकताना बिडी वळवत होते. बिडी पेटवली, मग म्हणाले, "बाई, मी अठ्ठावीस वर्षं ओव्हरहेड क्रेन चालवली. साठ-साठ टनाचं लॅडल उचललं. वजन काय चीज आहे ते तुमी मले सांगून राहिल्या?"

"मी वाऱ्याबद्दल सांगते आहे."

"वजन खाली जाते. वर जाते का कदी?"

"वारा वरून गेला की पत्र्याच्या वरचा दाब कमी होतो आणि खालचा..."

"खालून कोण ढकलते? गया?"

ओसरीत तांदूळ निवडत बसलेली गयाबाई हसली. मी फॉर्मवर 'मालक विचार करून कळवतील' असं लिहिलं. खोटं लिहिलं.

दुसऱ्या भेटीला मी कागदाची पट्टी घेऊन गेले. ओठाखाली धरून वरून फुंकर मारली की पट्टी उचलली जाते, हा प्रयोग मी कितीतरी मुलांना दाखवला होता. काकांनाही दाखवला. त्यांनी पट्टी मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली, मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून पट्टीच्या टोकावर ठेवला.

"आता मारा फुंकर."

पट्टी हलली नाही.

"हेच म्हनून राहिलो मी," ते म्हणाले. "वजन ठेवलं का काम खतम."

त्या दिवशी लोकल चुकली आणि मी चरोद्याच्या फलाटावर दीड तास बसून किल्ल्यांच्या जुडग्याचं वजन आणि माझ्या फुंकरीचा वेग यांचा हिशेब मांडत राहिले. हिशेब बरोबर होता. त्याचा काही उपयोग नव्हता.

आणखी एक गोष्ट मला छळत होती. काका अडाणी नव्हते. क्रेनच्या साखळीचा एखादा दुवा झिजला तर तो त्यांना आवाजावरून कळायचा, असं त्यांच्याच पाळीतल्या शालिकरामने मला सांगितलं होतं. असा माणूस घराचं छप्पर मोकळं ठेवतो आणि वर एक फुटकं जातं ठेवतो, हे मला पटत नव्हतं. पण पटत नाही हे काही फॉर्ममध्ये लिहिता येत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा गेले. काका रात्रपाळी करून तिथेच आले होते आणि दाराशी दाढी करत होते. गयाबाईने मला आत नेऊन वर बोट दाखवलं. आदल्या संध्याकाळी थोडा वारा सुटला होता. एक चकती वीतभर खाली घसरली होती आणि तिच्या खालचा पत्रा मधोमध दबला होता.

"रातभर वाजून राहिले पत्रे," ती म्हणाली. "मी खाट या कोपऱ्यात नेली, मंग त्या कोपऱ्यात. चकती नाही अशी जागाच नाही घरात. कोठं झोपू, सांग?"

"काका, तुम्ही स्लॅबखाली झोपता," मी बाहेर येऊन म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काकू इथे बारा किलोच्या चकतीखाली झोपतात."

"पडली का चकती? नाही न पडली."

"पडल्यावर मी येऊन काय करू?"

"तुमी आताच येऊन काय करून राहिल्या?" ते वस्तरा पाण्यात बुडवत म्हणाले. "चाय पिऊन जा. गया, म्याडमले चाय ठेव. हवा-हवा करून थकून गेली ती."

मी चहा नको म्हणाले आणि पिशवीतून टेप काढला. बोलून काही होत नव्हतं, निदान मोजमाप तरी नीट लिहावं. खोलीची रुंदी आठ फूट. दोन्हीकडे भिंतीबाहेर एक-एक फूट धरला तर दहा फुटी पत्रा पुरतो, इथे सगळे तोच वापरतात. मी पत्र्याला टेप लावला. बारा फूट. दुसरा, बारा. चौदाच्या चौदा बारा फुटी. पश्चिमेकडे म्हणजे नेमकं वारा येतो त्या बाजूला पत्रे भिंतीबाहेर तीन फूट लोंबत होते. वाऱ्याला खालून हात घालून उचलायला याहून सोयीचं काहीच नाही.

"काका, हे दोन फूट कापून टाकू या. निदान एवढं तरी."

"कापाचे नाही."

"का?"

"नाही म्हनलं न."

"छिद्र पाडायचं नाही, कापायचं नाही. मग हे पत्रे..." आणि इथे मला उत्तर सापडलं. आठवडाभर अडलेलं गणित सुटल्यावर जसं होतं तसं झालं, आणि मी समोर कोण आहे ते न पाहता मोठ्याने बोलून गेले. "हे पत्रे या घरासाठी घेतलेलेच नाहीत! बारा फुटी पत्रा म्हणजे दहा फुटी खोली. हे दुसऱ्या कुठल्यातरी घराच्या मापाचे आहेत. तिकडे न्यायचेत म्हणून तुम्ही यांना छिद्र पाडू देत नाही."

काकांचा वस्तरा गालावरच थांबला.

गयाबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. तिने ती खाली ठेवली.

"मंग कोनत्या घराच्या मापाचे हायेत?" तिने विचारलं. मला नाही, त्यांना.

काका वस्तरा फडक्याला पुसू लागले.

"गावाकडच्या, आमगावच्या?"

"तसं नाही..."

"मंग कसं? तुमच्या भावाच्या घरामागची खोली दहा फुटी हाय. मले ठाऊक हाय. लगन होऊन गेली तई त्याच खोलीत मी सहा महिने काढले."

"अवो, रिटायर झाल्यावर मानूस आपल्या गावाले जाते," काका शेवटी म्हणाले. चिडलेल्या आवाजात, पण जमिनीकडे पाहून. "दोन साल येथं राहू, पी.एफ.चं सारं आटपलं का हे घर कोनाले तरी देऊ आन् जाऊ. पत्रे तिकडं टाकू. छेद पडलेला पत्रा कोन नेते का? येथं कोण हाय आपलं?"

"मी हाय न येथं," गयाबाई म्हणाली.

मी तिथून निघून जायला हवं होतं. पण टेपचं टोक पत्र्याच्या कडेला अडकलं होतं आणि ते सुटेना.

"पंचवीस वरीस क्वार्टरमदी काढले," ती बोलत राहिली, "भितीले खिळा ठोकला तरी तुमी म्हनत होते, सरकारी भित हाय, नोको. महादेवाचा फोटो पंचवीस वरीस पेटीवर टेकून ठेवला. आता हे घर झालं तर याच्यात बी छेद पाडाचा नाही! काहून? तर दिराच्या घरावर टाकाचे हायेत. आन् मी याच्या खाली निजून चौकीदारी करून राहिली. दिराच्या पत्र्याची!"

"गया, बाहेरची पोरगी हाय समोर."

"बाहेरच्या पोरीले टेप लावल्याबरोबर समजलं. मले घरात राहून नाही समजलं."

टेप सुटला. मी तो गुंडाळला आणि निघाले. चहा तसाच राहिला.

वसुंधराताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आपण लोकांना छप्पर बांधायला मदत करतो, शैला. घर मोडायला नाही."

"मी फक्त माप सांगितलं."

"तेच तर," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस माझ्याकडून नीट काम झालं नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात धापा टाकण्याचा आवाज आला आणि गयाबाई दारात उभी राहिली. टेम्पो बदलत बदलत ती चरोद्याहून एकटी आली होती. हातात रिकामी सिमेंटची पिशवी.

"ते हुक कोठं हायेत?"

एका पत्र्याला सहा, म्हणजे चौऱ्याऐंशी हुक मी मोजून दिले. तेवढेच डांबरी वायसर. पट्ट्याही दिल्या.

"काका काय म्हणाले?"

"बोलत नाही ते. मीही नाही बोलून राहिली. उद्या सकाळी ये आन् मले शिकव. दुसरं काही नको सांगू, फक्त कोठं ठोकाचं ते सांग."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी पोचले तेव्हा ती शेजारची शिडी लावून वर चढलेली होती. लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, एका हातात हातोडा, दुसऱ्यात छिद्र पाडायचा पंच. मी ओरडून थांबवायच्या आत तिने पहिला घाव घातला. पत्रा असा वाजला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"काकू, तिथे नाही! पन्हळीच्या खळग्यात नाही, माथ्यावर. खळग्यात पाणी साचतं, सगळं आत गळेल!"

"मंग आदी सांगाचं न!"

"तुम्ही आधी ठोकलंत!"

तिने दुसरं छिद्र पाडलं. तेही खळग्यात. माथ्यावर पंच टेकला की घसरत होता, आणि मला शिडीवर चढून हात लावावा तर शिडी दोघींना पेलणारी नव्हती. मी खालून सांगत होते, ती वरून चिडत होती, आणि तिसरं छिद्र बरोबर माथ्यावर पडलं पण बल्लीपासून चार बोटं दूर. तिथे हुक अडकवायला खाली काहीच नव्हतं.

इतक्यात काका सायकलवरून आले. रात्रपाळी सुटल्यावर थेट इकडेच. त्यांनी सायकल सोडून दिली, ती पडली.

"काय करून राहिली तू?"

गयाबाईने चौथ्यांदा पंच टेकवला.

"अवो तो पंच सरळ धर! सरळ! तिरपा धरून राहिली, पत्रा फाटंल न!"

ती तिरपाच धरून होती. मला अजूनही कळलेलं नाही की तिला जमत नव्हतं की ती मुद्दाम करत होती. काकांनी क्षणभर पाहिलं. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं वितळलेल्या लोखंडाचं भांडं थेंब न सांडता नेलं, त्याला एवढं वाईट काम उभ्याने बघवेना.

"उतर खाली. उतर म्हनतो न. चार पत्र्यांचा सत्यानाश करशील अशानं."

"उतरीन. पन चौदाच्या चौदा ठोकाचे."

त्यांनी चौदाही पत्र्यांवरून नजर फिरवली. मग चपला काढल्या आणि शिडीला हात लावला. "बाई," माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिडी धरा. फुंकर नका मारू."

पुढचे सात तास मी कधी विसरणार नाही, कारण एवढी बोलणी मला कॉलेजातसुद्धा बसली नव्हती. वायसर उशिरा दिला म्हणून, लवकर दिला म्हणून, हुक उलटा दिला म्हणून. पण काम असं होत होतं की पाहत राहावं. काकांनी बल्लीवरून सुतळी ताणली, खडूने खुणा केल्या, आणि एका फटक्यात एक छिद्र, बरोबर माथ्यावर, बरोबर बल्लीच्या वर. गयाबाईने चुकीच्या जागी पाडलेली तीन छिद्रं त्यांनी डांबराने बुजवली आणि प्रत्येकाच्या वेळी तिच्याकडे पाहिलं. चकत्या एकेक करून खाली आल्या. पश्चिमेचे जास्तीचे दोन फूट मात्र कापू दिले नाहीत. "याले खालून पट्टी मारतो भितीत. कापत नाही. बस," ते म्हणाले, आणि मारली. मला वाद घालायचा होता. वसुंधराताईंची तीन वाक्यं आठवली आणि मी एकही बोलले नाही.

उन्हं कलताना शेवटचा हुक आवळत असताना काकांचा हातोडा अंगठ्यावर बसला. त्याच सुमाराला रेल्वे यार्डाच्या पलीकडे आभाळ तांबूस झालं. आम्ही आत गेलो आणि दार लावलं.

वावधान आलं ते धुळीच्या भिंतीसारखं. पहिल्याच झोताला सगळं छप्पर एकदम वर ताणलं गेलं, बल्ल्या कुरकुरल्या, आणि चौऱ्याऐंशी हुकांनी ते धरून ठेवलं. मी बल्लीवर हात ठेवला होता. तो ताण मला तळव्याला जाणवत होता, माझ्या कागदावरचे एकशे पस्तीस किलो. बाहेर काहीतरी मोठं आदळत, खणखणत गल्लीतून गेलं. काका दुखऱ्या अंगठ्याला फडकं गुंडाळून वर बघत उभे होते. गयाबाई खाटेवर बसली होती, खोलीच्या अगदी मधोमध.

वीस मिनिटांनी शांत झालं. बाहेर आलो तर समोरच्या दौलतरावांच्या घरावर आभाळ होतं. त्यांचे तीन पत्रे रुळांच्या कुंपणाला अडकले होते आणि त्यांच्यावरचे दगड त्यांच्याच अंगणात पडले होते. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. आमच्या चौदा पत्र्यांतला एकही हलला नव्हता.

मी काकांकडे पाहिलं. मला काही मोठं बक्षीस नको होतं. 'बरं झालं' एवढं पुरलं असतं.

"हवाच नव्हती आज," काका म्हणाले.

"दौलतरावांचं छप्पर गेलं, काका!"

"त्याचं बांधकामच कच्चं हाय."

मी शिडी उचलून शेजारी परत द्यायला निघाले, कारण दुसरं काही केलं असतं तर तोंडातून वाईट शब्द गेला असता. परत आले तेव्हा ओसरीत आमगावच्या भावाला लिहायचं एक कोरं अंतर्देशीय पत्र उघडून ठेवलेलं होतं आणि काका माझी वाट पाहत होते. अंगठा सुजला होता, पेन धरता येत नव्हतं.

"लिहा. चिरंजीव चंपत यास अनेक आशीर्वाद. पत्रे येत नाहीत. खोलीवर मातीचे कवेलूच टाक." ते थांबले. गयाबाई चुलीपाशी होती, पण तिचा हात थांबला होता. "लिहा, येथं एक शिकलेली पोरगी आली आन् तिनं साऱ्या पत्र्याले छेद पाडले. आता ते गावाच्या कामाचे राहिले नाही."

"मी पाडले?"

"मंग काय लिहू, तुझ्या वहिनीनं पाडले?"

गयाबाईने पदर तोंडाला लावला. मी लिहिलं. माझ्या नावावर चौऱ्याऐंशी छिद्रं, मी एकही न पाडता.

"पुढं लिहा. तूच दिवाळीले ये. जागा हाय."

पत्र मिटून मी मागे पाठवणाऱ्याच्या पत्त्यापाशी थांबले. "क्वार्टरचा नंबर सांगा."

काकांनी सेक्टर सांगितला, मग रस्ता, आणि क्वार्टरच्या नंबरापाशी येऊन बोलायचं थांबले. 

"खोडा ते," ते म्हणाले. "चरोदा लिहा. या गल्लीचं नाव काय हाय?"

"गल्लीला नाव नाही, काका."

"काहून नाही? घरोघर फिरून राहिल्या, छेद पाडून राहिल्या, आन् एका गल्लीले नाव नाही ठेवता आलं तुमाले?"

मी 'चरोदा' लिहिलं आणि त्यांनी काहीतरी सुचवण्याची वाट पाहत बसले.